मुठीएवढं मोहोळ

"लहान जिवाला आधी ऊब, मग खाणं," असं म्हणत बाई पालथा हात बाळाच्या तळपायाला लावून बघत. मधमाश्यांच्या पेटीलाही त्या तसाच हात लावत. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात त्या सुईणीचं काम करीत. त्यांच्या शेजारच्या खोलीत मी, इंग्रजी शाळेतला नवा मास्तर.

पेटीतलं मोहोळ दिवाळीपर्यंत मुठीएवढं उरलं होतं. बाईंनी रिकामी पोळी काढून घेतली, मधे फळी घालून जागा निम्मी केली, दार मातीनं लिंपून बोटभर ठेवलं आणि वर गोणपाट टाकलं.

"घर मोठं, माणसं थोडी. मग गारठा बसनारच की!"

लढाईचे दिवस. साखर रेशनवर. बाई आपल्या वाट्याच्या साखरेचा पाक माश्यांना देत आणि स्वतः गुळाचा चहा पीत.

"त्यांनाच गूळ द्या की," मी म्हणालो.

"त्यांना हगवण लागती. मला न्हाई लागत."

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, त्यामुळे छापील अक्षरावर माझी फार श्रद्धा. दर आठ दिवसांनी मोहोळ तपासावं, असं एका पुस्तिकेत वाचलं आणि मार्गशीर्षातल्या एका कडाक्याच्या सकाळी मी झाकण उघडून पोळं वर उचललं. तेवढ्यात बाई बाळंतपण उरकून आल्या.

"ह्ये काय, मास्तर?"

"पाहणी. पुस्तकात लिहिलंय..."

"पुस्तकाला थंडी वाजती व्हय? रातभर अंगाला अंग लावून जमवलेली ऊब तुमी एका दमात सांडली की!"

संध्याकाळी दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा होता. राणीही गेली असेल, तर सगळं मोहोळच संपणार होतं. बाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता उन्हं तापूस्तवर उघडायचं न्हाई."

त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. बैलगाडीत ट्रंक चढली. पेटी मात्र ओट्यावरच राहिली.

"गाडीच्या धक्क्यानं जगायच्या न्हाईत. तुमी सांभाळा."

"मी? माझ्या हातून तर..."

"म्हनूनच. आता तुमी उघडायचा न्हाई."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. चुकलेल्या माणसावरच ती जास्त विश्वास टाकतात.

महिनाभर मी रोज सकाळी पेटीसमोर उकिडवा बसायचो. करडई फुलली, आणि एके दिवशी एक माशी मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटवून आत शिरली. मागोमाग दुसरी. पराग पिल्लांच्या खाण्यासाठी आणतात. म्हणजे राणी होती, अंडी घालत होती!

"बाई!" म्हणत मी शेजारच्या दाराशी धावलो. तिथे नव्या कंपाउंडरचं धोतर वाळत होतं.

त्या दिवशी शाळेत पोचायला पहिल्यांदाच उशीर झाला. हेडमास्तरांनी कारण विचारलं.

"घरी बाळंतपण होतं," मी म्हणालो.

माझं लग्न झालेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला.