माटोळीखालचा उजेड

भिकाजीचा उजवा हात दोन नारळांच्या मध्ये अडकला होता. पायाखाली स्टूल डुगडुगत होतं. डोळ्यांसमोर अंबाड्यांचे घोस, सुपारीचे झुबके, लहान मुलाच्या डोक्याएवढी, पपनसासारखी तोरिंगं. आणि त्या सगळ्याच्या वर, बोट जेमतेम टेकेल इतक्या अंतरावर, त्यानेच दीड महिन्यापूर्वी लावलेली चार फुटी ट्यूब. ट्यूब लखलखीत पेटली होती. फक्त तिचा उजेड खाली येत नव्हता.

खाली म्हणजे उद्या जिथे गणपती बसायचा तिथे. चौरंगावर काळोखाचा चौकोन पडला होता, वरच्या माटोळीएवढाच, जणू मापून कापलेला.

"हात काढ आदी," कृष्णनाथकाका खालून म्हणाले. "नारळ सुटलो तर तुझ्याच टकलेर पडतलो."

"काका, माटोळी वायच बाजूक सरकवली तर?"

"एकदा बांदलेली माटोळी विसर्जनाकच सुटता. तुझ्या ट्यूबीसाठी देव रीत बदलतलो काय?"

भिकाजीने हात ओढून काढला. कातडी सोलली.

माटोळी त्याला माहीत नव्हती असं नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं, नारळ, पानं गच्च बांधतात, हे त्याच्यासारख्या दोडामार्गाकडच्या कुठल्याही पोराला कळतं. पण त्याने काम केलं आषाढात. तेव्हा हॉल मोकळा होता. कृष्णनाथकाकांची बायको विमलाकाकी म्हणाली होती, देवावर उजेड भरपूर हवा. मग यानं देवाच्या बरोब्बर डोक्यावर ट्यूब ठोकली आणि खूश होऊन घरी गेला. आषाढात कुणाला आठवतंय की भाद्रपदात या ट्यूबखाली अर्धं रान येऊन लटकणार आहे?

खरी गोष्ट सांगायची तर तो घरातला वायरमन नव्हताच. सात वर्षं डिचोलीकडच्या खाणीवर होता. खाणीवर उजेड म्हणजे खांबावरचे मोठमोठे फोकस. डंपर दिसला पाहिजे, दरड दिसली पाहिजे, माणूस नाही दिसला तरी चालतं. गेल्या पावसात खाण थांबली आणि मग ठेकेदाराने याला पुन्हा बोलावलंच नाही. तेव्हापासून बायको लक्ष्मीला घेऊन पार्से गावात एका खोलीत राहत होता. कृष्णनाथकाकांचं हे घर त्याचं पहिलं घरगुती काम.

गोवा राज्य झालं ते वर्ष. शेजारच्या गोकुळदासाच्या दुकानावर मराठी की कोकणी यावरून घसे बसेपर्यंत भांडणं झाली होती, तीही सगळी त्याच एका मिसळलेल्या भाषेत. भांडायला काही उरलं नाही की गोकुळदास विजेवर घसरायचा. "राज्य जाला खरा, पण व्होल्टेज वाडला काय?" आणि मग भिकाजीवर. "विमलेन खाणीवरचो माणूस आणलो हां वायरिंगाक. हॉलात डंपर आणून लायत तो."

विमलाकाकी तेव्हा साखर घ्यायला उभी होती. तिने मान कलती करून त्याच्याकडे बघितलं. ती नेहमीच तशी बघायची, मान डावीकडे वळवून, तिरपी. लोक म्हणायचे, गर्व आहे. "लायलोच तर तुझ्या दारात लायतलो," ती म्हणाली. "काम मी दिलंय. साखर नीट तोल."

उद्या अख्खा वाडा, घर न घर, आरतीला येणार. गणपतीचं तोंड काळोखात दिसलं की गोकुळदास वर्षभर तेच सांगणार. मग गावात दुसरं घर मिळणं विसरा. लक्ष्मीला घेऊन परत भावाच्या पडवीत. आणि जिने याच्यासाठी दुकानात तोंड वाजवलं तिचीही फजिती, ती वेगळीच.

विमलाकाकी आतून आली. कोपरापर्यंत पीठ. करंज्यांसारख्या नेवऱ्या चालल्या होत्या.

"काकी, समोर दोनशेचो बल्ब लायतंय," भिकाजी घाईने म्हणाला.

"म्हणजे आरतीक उभे रवतले तेंच्या डोळ्यांत. ते देवाक बघूक येतत की तुझ्या बल्बाक?"

"मगे काय करू?"

तिने हात पुसले. "जनेलां बंद कर. सगळी. दारपण."

दुपारचे तीन वाजले होते. खिडक्या लागल्या आणि हॉल तिन्हीसांजेसारखा काळवंडला. "ट्यूब बंद कर. तुझो तो खाणीवरचो हातदिवो आसा मां? काढ."

होता. जाळीत बसवलेला बल्ब आणि मागे भलीमोठी वायर, मशीनच्या पोटात घुसून बघायला. तिने गणपतीच्या जागी एक सोललेला नारळ ठेवला, त्याचे तीन डोळे पुढे करून. मग जिथे माणसं आरतीला उभी राहतात तिथे जाऊन उभी राहिली.

"आता फिर. ह्येचे डोळे दिसले की सांगतंय."

भिकाजी हातात दिवा धरून चौरंगाभोवती फिरू लागला.

"वर नको. खाली. आणखी खाली. आता तो तुझ्या पायांक ओवाळता. उजवीकडे ये. थांब. आता बल्बच दिसता, नारळ खंय दिसता? बल्ब खांबाच्या मागे घाल. तोंड भिंतीकडे कर तेचा."

"भिंतीकडे? देव हय आसा."

"कर म्हणतंय तर कर."

केलं. काहीच झालं नाही. भिंतीला कृष्णनाथकाकांनी नवा हिरवा रंग काढला होता आणि तो रंग उजेड गिळून बसला. काकी आत गेली आणि नवऱ्याचं धुतलेलं पांढरं धोतर घेऊन आली.

"अगो, फाल्यां पूजेक नेसूचा आसा माका," कृष्णनाथकाका म्हणाले.

"दुसरा नेसा."

धोतर भिंतीवर ताणून टाचलं, बल्बाच्या अलीकडे केळीची पानं. पानं सुकून पेटायला नकोत म्हणून भिकाजीने वीतभर जागा सोडली आणि बिस्किटाच्या डब्याचं झाकण वाकवून बल्बामागे आडोसा केला. दिवा पुन्हा लावला. बल्ब कुठेच दिसेना. धोतरावर पडलेला उजेड दुधासारखा परत फिरला आणि नारळावर आला.

"एका गालार काळोख आसा," काकी म्हणाली.

भिकाजीला काही दिसत नव्हतं. "खंय?"

"हय. ह्या बाजूक. दुसरो बारको बल्ब आसा?"

झिरोचा होता. तो दुसऱ्या बाजूने, चौरंगाखालून, झेंडूच्या माळेमागे. आता नारळाला चक्क नाक असल्यासारखं वाटायला लागलं. तीनही डोळे दिसले. काकी बराच वेळ तिरपी मान करून बघत राहिली.

"दोन बल्बांत भागला," ती म्हणाली. "आता माका जावंदे. तेल तापला."

दुसऱ्या दिवशी आरतीला मातीची घुमटं वाजवत वाडा आला. कृष्णनाथकाका जुन्या धोतरात. भिकाजी दाराआड उभा. वर माटोळी काळीसावळी, जंगलासारखी, आणि खाली गणपतीचा चेहरा असा निवांत उजळलेला की पहिली आरती सुरू व्हायला जरा उशीरच झाला. गोकुळदास मात्र खांबामागे, पानांमागे माना घालत होता.

"बल्ब खंय आसा रे?"

"डंपरात," कृष्णनाथकाका म्हणाले.

हसू झालं. आरती संपल्यावर प्रसाद खात खात गोकुळदास भिकाजीजवळ आला. "माझ्या घरी बायलेक चूल दिसना. तिचीच सावली पडता तेच्यार. कदी येतंस?"

तिथून भिकाजीचं सुरू झालं. पण शिकलेला धडा त्याने कधी सोडला नाही. कुठल्याही घरात गेला की आधी खिडक्या बंद करायला सांगायचा, भरदुपारी. मग हातदिवा घेऊन फिरायचा. "वहिनी, तुमी भाजी खंय चिरतास? बसा थंय. खरोखर चिरा." बाईच्या पाठीमागे दिवा असला की सावली विळीवर पडते, म्हणून दिवा समोर, फळीच्या खाली. म्हातारा पेपर वाचतो तिथे डाव्या खांद्यावरून. मागच्या दारी पायरीवर एक झिरोचा, कारण तिथेच माणूस पडतो. हॉलात बल्ब दिसू द्यायचा नाही, भिंत दिसू द्यायची. घरमालक म्हणायचे, अरे मध्ये एक मोठी ट्यूब ठोक आणि मोकळा हो. तो म्हणायचा, ती मी एकदा ठोकलेली आहे.

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत त्याचं नाव झालं. तरी चवथीआधी विमलाकाकीचं घर झाल्याशिवाय तो दुसऱ्या घरात टेस्टर लावायचा नाही. माणसं ताटकळायची, चिडायची. चिडोत. "माका दिसूक तिणा शिकवला," एवढंच सांगायचा.

एकदा हळर्णला एका घरात कुणीतरी काकीच्या वाकड्या मानेची नक्कल केली. सगळे हसले. भिकाजीने पेचकस पिशवीत टाकला, शिडी खांद्यावर घेतली आणि चालू पडला. अर्धं घर उघड्या वायरींवर. तीन दिवसांनी नक्कल करणारा स्वतः पार्से गावात येऊन काकीच्या पाया पडला, तेव्हा काम पुरं झालं. काकीला बिचारीला कळेना हा कोण आणि पाया का पडतोय. तिने त्याला चहा दिला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पेडण्याला डोळे तपासायचं शिबिर होतं. काकीचे केस तोवर पिकले होते. लक्ष्मी तिला घेऊन गेली. डॉक्टरने काकीचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, समोरच्या तक्त्यावर काय दिसतं.

"काय दिसूक जाय होता?" काकी म्हणाली.

लक्ष्मीने घरी येऊन सांगितलं तेव्हा भिकाजी होल्डर जोडत होता. विमलाकाकीचा डावा डोळा वरून अगदी धड, पण जन्मापासून त्याने तिला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कृष्णनाथकाकांनासुद्धा नाही.