जोडीला जोकर चालत नाही

परवा केलर, म्हणजे तळघर, आवरताना माहजाँगची पेटी हाती लागली आणि झाकण उघडताच आल्याच्या चहाचा पुसट वास आला, निदान मला तरी. इथे जर्मनीत, हॅनोव्हरला, आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायची, तिनंच मला हा खेळ शिकवला. सोंगट्या हाती आल्या की छापील तक्त्यावरचा, आपल्याला जमेल असा सर्वांत भक्कम डाव आधी निवडायचा. सासू-सासरे पुण्याहून आले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी दुपारी आम्ही चौघी खेळत होतो आणि सासूबाई चहाचा कप घेऊन माझ्यामागे बसल्या होत्या. मला सुरुवातीलाच दोन जोकर आले, तीन किंवा जास्त सारख्या सोंगट्यांच्या गटात कुणाच्याही जागी चालणारे, म्हणून मी ऐटीत हातातली जोडी मोडून मोठ्या डावामागे लागणार, तोच त्या म्हणाल्या, "अगं, जोडी मोडू नकोस! जोडीला जोकर चालत नाही, तूच सांगितलंस ना मघाशी?" मी शेजारणीला अर्थ सांगितला. ती टेबलावर थाप मारून जर्मनमध्ये म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. सोफ्यावरून सासऱ्यांनी पेपरातलं डोकंही वर न काढता विचारलं, "चालत नाही? मग मी इतकी वर्षं कसा चाललो?" सासूबाई "अहो, काहीतरीच!" म्हणत इतक्या हसल्या, की कपातला चहा थेट पेटीत सांडला. आतलं अस्तर अजून तांबूस आहे. यंदा सासूबाई एकट्याच आल्यात. मी पेटी वर आणली, सोंगट्या मांडल्या, डावही सुरू झाला. पण हातात आलेला जोकर त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.