चौघांचं संगीत, एकटं व्हायोलिन

तुम्ही बोलायला तोंड उघडलंत की मास्तर व्हायोलिनचा गज तुमच्या नाकासमोर आडवा धरायचे. "आधी ऐक, हबीबी." माझ्यावर तर ही वेळ दर भेटीत यायची. मी पुण्यात पत्रकं लिहून लिहून दुबईच्या जबल अली बंदरावर, गोदामात कामाला आलेला. ऐकून घेणं आमच्या कामगार संघटनेत कुणी शिकवलंच नव्हतं.

मास्तर दुबईतल्या एका बड्या हॉटेलात चार वादकांचे प्रमुख. स्पेनमधल्या कातालोनियाचे, पण स्पॅनिश म्हटलं की भडकायचे. "स्पॅनिश नाही. कातालान!" आमच्या गोदामातल्या गणूभाऊंना ते लगेच पटलं. "बराबर हाय. मी पण मुंबयचा नाय, गुहागरचा."

चौघांचं काम काय, तर लोक जेवत असताना हळू वाजवायचं. चमच्यांच्या वर आवाज गेला की मॅनेजर लांबून हात खाली करून दाखवायचा. आणि या माणसाच्या बॅगेत स्वतः रचलेलं संगीत, कित्येक वर्षं, एकदाही न वाजलेलं! मला संताप यायचा. ते नुसते येरझाऱ्या घालायचे. एकदा, फक्त एकदा ते लोकांसमोर वाजायला हवं होतं त्यांना.

व्हायोलिनच्या तारांचं पार्सल सोडवायला ते गोदामात आले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत गणूभाऊंची माणसं जाखडीचा सराव करत होती. मध्ये ढोलकी, भोवती फेर धरलेले आठ जण, पायात घुंगरं. मास्तर पार्सल विसरले. त्यांच्या गावातही लोक असाच फेर धरतात म्हणे, आणि एक जण पावलं मोजतो. "यल्ला, फिरसे!"

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते आमच्या कामगार कॅम्पवर हजर. आपल्या संगीताचा शेवट त्यांनी या पावलांसाठी बदलला. मॅनेजरही कसाबसा तयार झाला: एका शुक्रवारी दुपारी, हॉटेलच्या हॉलमध्ये, चौघांचं वादन आणि आमची जाखडी.

मी प्रत्येक खुर्चीवर पत्रक ठेवलं. 'हे हॉटेल ज्यांनी बांधलं, ते आज पहिल्यांदा पुढच्या दारातून आत आले आहेत.' खोटं होतं का? गणूभाऊंनी तिथे दोन वर्षं सिमेंट वाहिलं होतं.

मॅनेजरनं एक पत्रक वाचलं. खलास. आठही जण घुंगरांसकट परत बसमध्ये. मास्तरांचा व्हिसा कॅन्सल, देश सोडायला पंधरा दिवस.

"लिवलंस झ्याक," गणूभाऊ बसमध्ये म्हणाले. "पण आमच्या नावानं लिवताना आमाला इचारलंस?"

मास्तरांना तरी कुठे विचारलं होतं?

पुढच्या शुक्रवारी ते कॅम्पवर आले. मी माफीचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. गज आडवा आला.

बाकीचे तिघे आले नाहीत; त्यांना नोकऱ्या टिकवायच्या होत्या. मास्तरांनी एकट्यानं आपलाच भाग वाजवला. जिथे त्या तिघांनी वाजवायचं, तिथे व्हायोलिन खाली घेऊन, डोळे मिटून, बोटांवर मोजत उभे राहायचे. फेर थांबत नव्हता. त्या रिकाम्या जागांत नुसती घुंगरं.

उरलेली पत्रकं माझ्या खिशात होती. ती कुरकुरू नयेत म्हणून मी खिसा घट्ट दाबून उभा होतो.