उसना ठेका

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याच्या बापाचा धंदा. पोराचं अभ्यासात डोकं चालेना, म्हणून बापाने त्याला गॅरेजात उभं केलं आणि हातात लाकडी हातोडा दिला. बाप पत्रा सरळ झाला की नाही ते बघायचा. पोरगा ठोकताना ठेका धरायचा. त्याचं हातोडी हे नाव पाडलं ते त्याच्या जिवलग मित्राने. मित्राला सगळे भोंगा म्हणत. तो जिन्यात गायला लागला की तिसऱ्या मजल्यावरची मावशी खिडकीतून ओरडायची, "कारखाना सुटला का रे?"

भोंगा गायचा, हातोडी ड्रम वाजवायचा आणि गल्लीतले दोघे जुळे भाऊ गिटारी घेऊन दोन बाजूंना उभे राहायचे. असा त्यांचा बँड. सराव लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, पलीकडून इस्त्रीची वाफ यायची. "आपण चौघं म्हणजे चौघं," भोंगा म्हणायचा. "एकट्याला कुणी बोलावलं तर जाणाऱ्याच्या तंगड्या मोडीन."

अशी काही वर्षं गेली आणि एका रेकॉर्ड कंपनीने खरंच बोलावलं. चौघांनाही.

स्टुडिओत हातोडीच्या कानांना हेडफोन लावले. त्यात एक यंत्र टकटक करत होतं आणि त्या टकटकीला धरून वाजवायचं होतं. लॉन्ड्रीत भोंगा तापला की ठेका धावायचा, भोंगा हळवा झाला की रेंगाळायचा; हातोडी वाजवायचा तो मित्राच्या श्वासाकडे बघत. इथे भोंगा काचेपलीकडे आणि कानात ते यंत्र. दिवसभर तेच गाणं वाजवून हातांना फोड आले. शेवटी रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले, "झालं काम. जा घरी, झोपा." हातोडीला हायसं वाटलं.

गाणं तयार झाल्यावर कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. गाण्याच्या मधोमध, सगळं थांबतं तिथे, ड्रमवर एक लांब घरंगळ होती. एखाद्याने जिन्यावरून बादली सोडून द्यावी आणि ती नेमकी तळाशी येऊन उभी राहावी, तशी. खोलीत टाळ्या पडल्या. कुणीतरी हातोडीच्या पाठीवर थाप मारली. त्याने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होता.

जिन्यात हातोडीने त्याला गाठलं.

"कोण वाजवतंय ते?"

"हळू बोल."

"कोण आहे?"

"त्यांचा माणूस आहे. रोजावरचा. अरे, ते तुला काढूनच टाकणार होते! मी पाय धरले त्यांचे. म्हटलं, वाजवू दे कुणालाही, पण नाव याचं, फोटोत हा. तुझ्यासाठीच केलं ना मी?"

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाला असतास," भोंगा म्हणाला.

ते खरंच होतं.

गाणं असं चाललं की पोरं बाकांवर आणि बायका डब्यांच्या झाकणांवर तो ठेका वाजवायला लागल्या. आता तो स्टेजवर वाजवणं हातोडीला भाग होतं. गॅरेजच्या मागे बसून, रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून, तो दुसऱ्याचे हात शिकला. शिकला तोही असा, की कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. मनगट सुजलं ते कायमचंच. एका मासिकाने त्याच्या नुसत्या हातांचा फोटो छापला. बापाने तो गॅरेजात टांगला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "हे हात मी घडवलेत." बाप जाईपर्यंत हातोडीने त्याला काही सांगितलं नाही.

पुढे पोस्टरवर चार चेहरे होते त्यांचे दोन झाले, मग एकट्या भोंग्याचाच राहिला. जुळे भांडून निघून गेले. हातोडी मात्र टिकला, कारण भोंग्याला तो लागायचा. कार्यक्रमाआधी बाटली काढून घ्यायला, नंतर खोलीपर्यंत उचलून न्यायला. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. मग भोंग्याचा आवाज बसला, लोक पांगले आणि हातोडी परत पत्रे ठोकायला लागला.

भोंग्याचं यकृत गेलं तेव्हा हॉस्पिटलात त्याच्याजवळ हातोडीशिवाय कुणी नव्हतं. तो रोज दुपारी जायचा, त्याला कुशीवर वळवायचा, ओठ पुसायचा.

"अजून रागावलायस?" एकदा भोंग्याने विचारलं.

"हो."

"मग येतोस कशाला?"

"दुसरं कोण आहे तुला?"

भोंगा हसायला गेला आणि त्याला ठसका लागला. हातोडीने त्याला उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. त्या विषयावर ते परत बोलले नाहीत. त्याच आठवड्यात भोंगा गेला.

अंत्यविधीला पेपरवाले आले. त्यांनी त्या ठेक्याबद्दल विचारलं तेव्हा हातोडी पहिल्यांदाच उघड बोलला, "तो मी नाही वाजवलेला." दुसऱ्या दिवशी छापून आलं, इतका मोठा कलावंत, पण किती विनम्र!

मग त्याने तो रोजावरचा माणूस शोधायला घेतला. जुन्या वादकांकडे विचारत विचारत शेवटी पत्ता लागला. शहराच्या टोकाला, मुलीच्या घरी, बाल्कनीत बसलेला एक म्हातारा.

"त्या काळी दिवसाला तीन-तीन गाणी वाजवायचो हो," म्हातारा म्हणाला. "कुठलं म्हणता तुम्ही?"

हातोडीने नाव सांगितलं. म्हाताऱ्याने आठवत नसल्यासारखी मान हलवली. तेव्हा हातोडीने स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बोटांनी सबंध ठेका वाजवून दाखवला, मधल्या घरंगळीसकट.

म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं.

"सुरेख आहे," तो म्हणाला. "तुमचा आहे?"

हातोडीने स्टूलवरून बोटं उचलली. "नाही," त्याने सांगितलं.

"नसू दे. हात तयार आहे तुमचा. पण मनगट दुखत असणार." म्हाताऱ्याने मुलीला हाक मारून मलम मागवलं आणि तिथेच बसून तो त्याचं मनगट चोळून द्यायला लागला.