अहो येशू

वरसे गावात आमच्या प्रार्थनेला एक बाई येते. धाटावला कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते आणि शिफ्ट सुटली की तशीच येते. नखांत पीठ असतं. दारातल्या चपला ओळीत लावल्याशिवाय आत बसत नाही. बोलताना दर वाक्याला "व्हय ना?" विचारते, पण उत्तराला थांबत नाही.

माझा बाप्तिस्मा ठरला होता. त्याआधी येशू कोण, ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. ती म्हणाली, "आधी माझ्यासमोर प्रार्थना कर."

मी डोळे मिटले. "अहो येशू, तुम्ही..."

ती खो खो हसली. "अहो काय गो? तो काय कंपनीचा साहेब हाय?"

"मोठे आहेत ना ते."

"मोठ्या माणसाला अहो म्हणतात, गुरूला पण म्हणतात. देवाला आपण अरेच म्हणतो. व्हय ना?" आणि चपला लावायला गेली.

रविवारी मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. "येशू माझा देव आहे. मी त्याला अरे म्हणते," एवढंच बोलले.

मागून ती मोठ्यानं म्हणाली, "व्हय!"

पुढचं 'ना' त्या दिवशी नव्हतं.