ऐकलेलं परत सांगणारा देवाजी

देवाजी रामटेके गेल्याची बातमी भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळींना मी दिली, आणि मंडळींनी ती हसण्यावारी नेली. सकाळी त्याच्या बायकोचा, वत्सलावहिनींचा फोन आला. "वामनभाऊ, तुमचे भाऊ उठूनच नाही राहिले..." एवढंच त्या बोलल्या आणि मागून त्यांच्या लेकीचं, शिल्पाचं रडणं ऐकू आलं. आमची हुडको कॉलनीतली घरं भिंतीला भिंत लावून. तरी त्या सकाळी त्यांच्या दारापर्यंत जायला मला दुर्गपासून रायपूरपर्यंत चालल्यासारखं वाटलं. आत जाऊन पाहिलं, बाहेर आलो, आणि पायरीवर बसून मोबाइलवरच्या आमच्या 'आपली मंडळी' ग्रुपवर दोनच शब्द लिहिले, "देवाजी गेला." खाली लगेच उत्तर आलं. उत्तर म्हणजे स्टिकर. त्यात माझाच फोटो, गाल फुगलेले, तोंडातून इंजिनासारखा धूर, आणि खाली लाल अक्षरात, "फेकू नका, भाऊ!" पाठवणारी माझी सख्खी पुतणी पल्लवी. तिच्या मागोमाग आणखी दोघांनी तेच टाकलं. खोटं कशाला सांगू, मला राग आला नाही. त्या स्टिकरकडे पाहून क्षणभर वाटलं, एवढे लोक म्हणतात तर असेल. मी फेकूनच राहिलो असेन. देवाजी आत उठून बसला असेल आणि चहा मागत असेल... मग आतून वहिनींचा आवाज आला, आणि मी मोबाइल खिशात घालून परत आत गेलो.

माझी ख्याती वाचकांना सांगायला हवी, नाहीतर पोरांवर अन्याय होईल. मी भिलाईच्या पोलाद प्लांटात रोलिंग मिलमध्ये होतो. तिथल्या आवाजात एक गोष्ट समोरच्याच्या कानात घालायची तर ती चौपट करूनच घालावी लागे, असं माझं म्हणणं. माझी बायको सुमन म्हणते, हा लग्नाच्या आधीपासूनच असा. माझ्या घरून निघालेला कोंबडा चौकापर्यंत जाईस्तोवर मोर होतो, हे अख्ख्या हुडकोला ठाऊक आहे. देवाजीचा धंदा याच्या बरोबर उलट. तो रेल्वेत स्टेशनमास्तर, सगळी उमर लहानलहान स्टेशनांवर काढलेली. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनला फोन करायचा. तिकडचा मास्तर ऐकलेलं सगळं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवणार, इकडचा 'बरोबर' म्हणणार, आणि तेव्हाच गाडी हलणार. 'हो हो, समजलं' म्हणून चालत नाही. ही खोड त्याने घरी आणली. वहिनींनी दही आणायला सांगितलं तरी हा दारात उभा राहून म्हणणार, "दही आणायचं. आंबट नाही पायजे. बरोबर?" वहिनी कपाळाला हात लावायच्या. मी एकदा त्याला म्हटलं, "देवाजीभाऊ, कावून येवढी कटकट करता?" तर म्हणाला, "भेव लागते, वामन. मी पूरी नोकरी भेवानंच केली. आपण एक सांगतलं अन् समोरच्यानं दुसरं ऐकलं, तर मधातल्या पटरीवर माणसं असतात."

शेजारी राहायला आला त्याच आठवड्यात मी त्याला माझी सापाची गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांनाच सांगतो. ऐकून कोणी हसतो, कोणी 'झालं यांचं सुरू' म्हणून उठून जातो. देवाजी हसला नाही आणि उठलाही नाही. चष्मा पुसला आणि म्हणाला, "म्हणजे साप चौदा फुटाचा. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसला. चौकात तू वळाले हात दाखवला, तं त्यानं फणा दाखवला. अन् सिविक सेंटरले उतरून गेला. बरोबर?"

आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून इतकी सरळ ऐकायची मला सवय नव्हती.

"चौदा नसन," मी म्हणालो. "सात धरा."

"सात फूट. सीटवर बसला. बरोबर?"

"बसला म्हणजे... मांगं कुठंतरी होता."

"होता, का दिसला?"

"दिसल्यावानी वाटला."

"म्हणजे तुले गाडीवर काहीतरी वाटलं, अन् लय भेव लागलं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. एकदाही खोटारडा म्हणाला नाही. पुढे सगळ्या गोष्टींचं असंच झालं. मी फुगवून त्याच्याकडे न्यायचो, तो परत म्हणून दाखवायचा, हवा निघत जायची आणि शेवटी तळाशी काहीतरी बारकं, खरं उरायचं. बहुतेक वेळा ते भेवच असायचं. ते त्याच्याकडे ठेवून मी फुगा परत घेऊन घरी यायचो.

'आपली मंडळी' ग्रुप पल्लवीने काढून दिला, पण अॅडमिन देवाजीला केलं, कारण त्याच्याशी कोणाचंच भांडण नव्हतं. बरेच दिवस आम्ही तिथे फुलांचे फोटो आणि एकमेकांची उडवाउडवी यावर मजेत होतो. मग एकदा ग्रुपमधल्या निर्मलाताईंनी लिहिलं की पोळ्या लाटता लाटता उजव्या हाताची बोटं मेल्यासारखी होतात. खाली उत्तरं आली, 'गॅस असेल', 'टेन्शन नका घेऊ', 'या वयात सगळ्यांनाच होतं'. ताईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि गप्प झाल्या. पुढे त्यांना रायपूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचल्या, पण तो हात आता लाटणं धरत नाही. देवाजी घाबरला तो तेव्हा. संध्याकाळी माझ्याकडे आला, खुर्चीवर बसेना. "त्या बाईनं सिग्नल देल्ला होता, वामन. आपण सगळे होतो लाइनीवर. कोणी परत नाही म्हटलं." दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर फर्मान काढलं की 'गॅस असेल', 'टेन्शन नका घेऊ', 'झालं सुरू', 'फेकू नका' ही बोलणी आजपासून बंद. लिहिणाऱ्याला ग्रुपबाहेर काढू.

असा गदारोळ झाला की भट्टीचा धूर लाजला असेल. पल्लवी दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांची तोंडं उघडी पाहते, त्यामुळे तिचं स्वतःचंही मिटत नाही. तिने अर्ध्या हिंदीत तोफ डागली, "काका, आज ये बंद, कल वो बंद, फिर ग्रुप में गुड मॉर्निंग के सिवा बचेगा क्या? घरी बोलायची मराठी, ती पण तुम्ही सांगाल तेवढीच?" मी तिच्याच बाजूचा. आमच्यासारख्यांची अर्धी मैत्री एकमेकांना हाणून पाडण्यावर टिकलेली असते. लोकांनी शब्द सोडले आणि जांभया देणारे चेहरे टाकायला सुरुवात केली. माझं ते स्टिकर तेव्हाच जन्माला आलं. त्यातले शब्द लिहिलेले नव्हते, चित्रातले होते, म्हणून म्हणे ते नियमात बसत होतं. देवाजीने सगळं वाचलं आणि लिहिलं, "पल्लवीचं म्हणणं आहे की शब्द बंद केले तर माणसं तोच अपमान दुसऱ्या रस्त्यानं करतील, आणि साधे लोक बोलायचं सोडतील. बरोबर?" ती म्हणाली, "हां... बरोबर." "मंग माझंच चुकलं. बंदी उठवली. जे म्हणायचं ते म्हणा. फक्त आधी समोरचा काय बोलला ते एका ओळीत परत सांगा." यावर सगळे पोट धरधरून हसले. दोन ओळी लिहिण्याच्या आळसाने निम्मी भांडणं मात्र जागच्या जागी मेली. नियम पाळणारा एकटा देवाजीच राहिला.

या सगळ्याची गंमत मी अशीच सांगत राहिलो असतो. पण मागच्या हिवाळ्यात चष्म्याची काडी दुरुस्त करायला मी सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. दुकानातून बाहेर आलो, स्कूटरला किल्ली लावली आणि मान वर केली, तर कोणत्या बाजूने घरी जायचं ते मला माहीत नव्हतं. दुपारचं लख्ख ऊन. बँक तिथेच, फळवाल्याची गाडी तिथेच, तीस वर्षं पाहिलेले रस्तेही तिथेच, पण कोणता कुठे जातो ते कोणीतरी पुसून टाकल्यासारखं. फळवाला म्हणाला, "क्या हुआ अंकल?" मी हसून सफरचंदाचा भाव विचारला. आणि मग मला जे येतं तेच मी केलं. ग्रुपवर लिहिलं, "मंडळी, आज सिविक सेंटरची चोरी झाली. सगळे रस्ते गुंडाळून कोणीतरी टेम्पोत घालून नेले. सापडल्यास हुडकोला पाठवणे." माझ्याच चेहऱ्याच्या स्टिकरांचा पाऊस पडला. त्यात देवाजीचा आवाज आला. त्याला टाइप करायला वेळ लागे, म्हणून तो बोलूनच पाठवायचा. "जय भीम, वामन. तू सिविक सेंटरले उभा आहेस, अन् तुले घरचा रस्ता आठवून नाही राहिला. बरोबर?"

'बरोबर' लिहायला माझी बोटं वळेनात. मी नुसता अंगठा पाठवला.

तो ऑटोने आला. काही विचारलं नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसला, जिथे माझा साप बसायचा तिथे, आणि माझ्या कानाशी म्हणाला, "पहिले डावीकडं. म्हण." मी म्हटलं, "डावीकडं." "आता टाकीपर्यंत सरळ." "टाकीपर्यंत सरळ." अशी आमची गाडी घरी पोहोचली. डॉक्टरकडेही तोच घेऊन गेला. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या दिल्या, हे हळूहळू वाढत जाणार म्हणाले. देवाजीने त्यांनाही परत म्हणून दाखवलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. सुमन आणि देवाजीशिवाय हे कोणालाच सांगायचं नाही असं ठरलं.

आता सगळ्यांना ठाऊक आहे. तो गेला त्याच दिवशी पल्लवी रडत आली, पाया पडली, "मोठेबाबा, मला वाटलं तुम्ही नेहमीसारखं..." तिला शांत करता करता माझ्या तोंडून सगळंच निघून गेलं, आणि तिच्याकडून ग्रुपला समजलं. ग्रुपने शरमेने एकमताने 'फेकू नका' कायमचं बंद केलं. त्यानंतर देवाजीच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, मला बोलायला उभं केलं. मी देवाजीच्या छत्रीची गोष्ट सांगितली. सिग्नल बिघडला, समोरून मालगाडी येऊन राहिलेली, आणि याने पटरीवर उभं राहून छत्रीच्या मुठीने आख्खी मालगाडी अडवली! मी थांबलो. हसायची जागा होती. कोणीही हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "हो काका, बरोबर आहे." 'फेकू नका' म्हणणारा निदान माझ्याशी भांडत तरी होता. 'हो काका' म्हणणाऱ्याने मला केव्हाच सोडून दिलेलं असतं. हे बोलणं बंद करायचा नियम कोण काढणार?

घरी आल्यावर मी पल्लवीला म्हटलं, "मले माह्यं स्टिकर परत पायजे."

"मोठेबाबा, अब मैं कैसे भेजूँ?"

"जशी आधी धाडत होतीस तशी."

"पण तुमचं खरं असलं तर?"

"तं मंग विचार. त्याच्यावानी."

ती माझ्यासमोर वेताचा मोढा ओढून बसली आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, "देवाजीकाकांनी छत्रीनं मालगाडी थांबवली. बरोबर?"

"छत्री नव्हती," मी म्हणालो. बरं वाटलं मला. "झेंडी असन."

"झेंडीनं मालगाडी थांबवली. बरोबर?"

मी तोंड उघडलं. मालगाडी होती का? का नुसतं इंजिन? का देवाजीने मला त्याचं एखादं स्वप्न सांगितलं होतं आणि मी त्याला डबे जोडले? मी तळाशी हात घातला आणि हाताला काही लागलं नाही. माझ्या सगळ्या गोष्टींतलं खरं मी त्याच्याकडे ठेवत आलो होतो... ते घेऊन तो निघून गेला. पल्लवी वाट पाहत होती. 'हो काका' म्हणाली नाही, एवढे तिचे उपकार.

मोबाइलमध्ये देवाजीचा एक निरोप आहे. त्या सिविक सेंटरच्या दिवसानंतर त्याने खास बोलून पाठवलेला. रोज सकाळी चहाआधी मी तो लावतो. "जय भीम, वामन. सिविक सेंटरहून निघालं की पहिले डावीकडं. टाकीपर्यंत सरळ. टाकीपाशी उजवीकडं. मंग निळ्या गेटचं घर. तिथं सुमन आहे. बरोबर?" यानंतर तो बोलत नाही, पण निरोप संपत नाही. त्याच्या खोलीतला पंखा फिरताना ऐकू येतो. मग लांबून वहिनी विचारतात, "झालं का तुमचं? बंद करा ना ते." आणि देवाजी दबक्या आवाजात म्हणतो, "थांब. वामनले बोलू दे."

एखाद्या सकाळी मी हा आवाज ऐकीन आणि सुमनला विचारीन, हा कोण माणूस आहे, आणि याला माझं घर कसं ठाऊक? ती सकाळ या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी आहे असं मला रोज वाटतं, आणि यात मी एक इंचही वाढवून सांगत नाही. पंखा फिरत असतो. देवाजी थांबलेला असतो. मी मोबाइल तोंडाजवळ धरतो आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो, "बरोबर."