आधी आतून उघडून दाखवा

माझे धाकटे दीर कुलपं दुरुस्त करतात आणि चाव्या बनवतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक फळी, फळीवर चावी घासायचं यंत्र, मागे खिळ्यांना टांगलेल्या दीड-दोनशे कोऱ्या चाव्या, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्यावर गिऱ्हाईक कधी बसलेलं नाही, कारण तिथे कायम तेलाची बाटली बसलेली असते. सगळा भाग त्यांना ‘चावीवाले’ म्हणतो. स्वतःचं नाव त्यांनी शेवटचं ऐकलं ते बहुधा लग्नात.

सकाळची प्रार्थना झाली की मी या वहीत चार ओळी लिहिते. आज चार ओळींत भागायचं नाही. काल माईंच्या घरी जे झालं, त्यावर मी भर प्रार्थनेत हसले. त्याबद्दल देवाची माफी मागून झाली आहे, तेव्हा आता निवांत लिहायला हरकत नाही.

भाऊजी कमी बोलतात. नवराबायको दोघांच्या वाटणीचं बोलणं माझी जाऊ एकटी उरकते. पण कामात त्यांचा एक नियम आहे आणि तिथे ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ज्या खोलीत माणूस आत राहणार, तिला कुलूप बसवलं की त्याच माणसाने आत जायचं, आतून लावायचं आणि आतून उघडून दाखवायचं. मगच त्यांची हत्यारं पिशवीत जातात. फार पूर्वी एका घरी म्हातारे आजोबा न्हाणीघरात दीड तास अडकले होते. कुलूप भाऊजींनीच बसवलेलं, एकदम झकास. सुनेने चालवूनही पाहिलं होतं. आजोबांच्या बोटांत सुनेएवढा जोर नव्हता, एवढंच. तेव्हापासून हा नियम. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी त्यांच्याच दवाखान्याच्या संडासात तीनदा आत-बाहेर करायला लावलं होतं, आणि बाकावरचे पेशंट तोंडात कापूस धरून बघत होते.

त्यांची एकुलती एक मुलगी चिमणी. हे लाडाचं नाव ठेवलं तेव्हा ती चिमणीएवढी होती. आता सोळा वर्षांची आहे आणि आमच्या दारातून वाकून येते. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात जाळ्यापाशी तीच उभी असते.

सहा महिन्यांपूर्वी तिने घरात सांगितलं की तिला मुलगे आवडत नाहीत, मुली आवडतात. जाऊ रडली. मग आपण नक्की कशासाठी रडतोय हे न कळल्यामुळे थांबली. भाऊजी “बरं” म्हणाले, उठले, दाराच्या बिजागरीला तेल घातलं. ती कुरकुरतही नव्हती. मग परत येऊन त्यांनी विचारलं, “जेवलीस का?”

आणि मी? मी देवाला विचारलं, ही पोर अशी का? महिनाभर रोज विचारलं. देवाने नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं आणि काही बोलला नाही. मग मला वाटलं, ज्याने घडवली त्याची तक्रार नाही, मी मध्ये कोण टिकोजी?

तक्रार होती ती माईंची. माई म्हणजे आमच्या प्रार्थना मंडळाच्या अध्यक्षा. त्यांची नात चिमणीच्या संघात आहे. कोणीतरी मैत्रिणीने चिमणीला सरळ विचारलं, तिने सरळ उत्तर दिलं. खोटं बोलायला शिकवलं नाही, हा जावेचाच दोष. दोन दिवसांत माई शाळेत हजर. “माझी नात त्या तसल्या मुलीसमोर कपडे बदलणार नाही!” नातीला विचारलं होतं का? नातीला विचारायची माईंच्या घरात पद्धत नाही.

शाळेच्या मोठ्या बाई फार समजूतदार. कोणालाही न दुखवता एकालाच दुखवायची कला त्यांना साधली आहे. त्यांनी ठरवलं की व्यायामशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या गाद्या आणि फाटकी जाळी असतात तिथे, चिमणीने एकटीने कपडे बदलायचे. खोलीला कुलूप हवं. मग बोलवा आपल्या नेहमीच्या चावीवाल्यांना.

आता शाळेच्या दप्तरात वडिलांचं नाव होतं, पण चावीवाल्यांना त्या नावाने ओळखणारं होतं कोण? पालकसभेला नेहमी जाऊ जायची. वीस वर्षं त्या शाळेची कुलपं भाऊजी बसवत आले, पण हा माणूस कोणाचा तरी बापही असेल, हे मोठ्या बाईंच्या मनात कधी आलंच नाही.

पुढचं थोडं शिपायाने सांगितलं, थोडं चिमणीने.

भाऊजींनी कुलूप बसवलं आणि विचारलं, “चावी कोणाकडे राहणार?”

“ऑफिसात. शिपायाकडून मागून घ्यायची, काम झालं की परत द्यायची.”

“रोज?”

“रोज. एका मुलीची वेगळी सोय करतोय आम्ही.”

“आजारी आहे का पोर?”

“छे, छे. म्हणजे... इतर मुलींना संकोच वाटतो. तुम्हाला नाही कळायचं ते, चावीवाले.”

“बरं. तिला बोलवा.”

“तिला कशाला? वर्ग चालू आहे!”

“नियम आहे, बाई. जी आत राहणार तिने आतून उघडून दाखवायचं.”

नियम मोठ्या बाईंना माहीत होता. त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये त्या एकदा आत-बाहेर करून बसल्या होत्या. शिपाई गेला आणि मुलीला घेऊन आला.

“बाबा?” चिमणी म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

भाऊजी क्षणभर हातातल्या पेचकसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आत जा. आतून लाव.”

ती गेली. कुलूप लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

“चिमणे, उघड.”

“थांबा ना बाबा, एक मिनिट.”

तिने उघडलं तेव्हा डोळे पुसून झाले होते, पण नाक लाल होतं. भाऊजींनी पेच काढायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, चार. कुलूप पिशवीत टाकलं. दाराला चार भोकं तेवढी राहिली.

“अहो, हे काय?”

“कुलूप चांगलं आहे. मी बसवणार नाही.”

“मग ती संघातही राहणार नाही!” मोठ्या बाईंचा समजूतदारपणा तिथे संपला. “शनिवारी पालक समिती बसेल. समिती ठरवेल.”

सामने दोन आठवड्यांवर आले होते. चिमणी घरी येऊन बूट कोपऱ्यात फेकून म्हणाली, “मीच नाव काढून घेते, काकू. त्यांची कटकट मिटेल.” पोरगी हार मानायला निघाली होती, आणि भाऊजींना नेमकं तेच सहन झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुकान दुपारी बंद ठेवलं आणि ते जावेबरोबर संघातल्या एकेका मुलीच्या घरी गेले. दारात जाऊ बोलायची, भाऊजी सवयीने त्या घराचं कुलूप न्याहाळायचे. दोन घरांत पाणी मिळालं. एका घरात पाणी मिळालं आणि सल्लाही, मुलीला कुठे दाखवून घ्या म्हणून. “दाखवतो की,” भाऊजी म्हणाले. “शनिवारी सामन्याचा सराव आहे, या बघायला.”

चौथ्या दिवशी आमच्या मागच्या दाराने एक बस कंडक्टर आणि त्यांची बायको आली. पुढचं दार उघडं असताना. बाई हळूच म्हणाल्या, “आमचा मुलगा नववीत आहे. तोही... म्हणजे त्याचंही तसंच. शाळेत माहीत नाही कोणाला. तुम्ही बोला, आम्ही मागे आहोत.”

“किती मागे?” जावेने विचारलं.

“सध्या तरी बरेच मागे,” कंडक्टर म्हणाले. निदान प्रामाणिक होते.

तर अशी आमची चळवळ! पालक चार, किटली एक, आणि चहा करायला मी. जावेने भाऊजींना बोलायचं ते लिहून दिलं, सहा ओळी. कागद नेमका कोणाच्या हाताशी नव्हता, म्हणून त्यांच्या कामाच्या वहीतच लिहिलं. त्या वहीत ते वर्षानुवर्षं टिपतात, कोणाकडे कोणतं कुलूप उघडलं. आणि गंमत झाली ती या वहीमुळेच.

शनिवारी सकाळी समिती बसली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. मी संसारी बाई, समितीवर नाही, पण जावेच्या शेजारी जाऊन बसले. माई आधी बोलल्या. “आमचं सगळ्या लेकरांवर प्रेमच आहे. देवाचीच लेकरं. पण...” आणि त्या ‘पण’नंतर देव बिचारा जो बाहेर गेला, तो वीस मिनिटं आत आला नाही. डॉक्टर म्हणाले, तत्त्वतः आपण सगळे उदार आहोत, प्रश्न फक्त सोयीचा आहे. मला वाटलं, उठून बोलावं. नाही बोलले. मंडळात माईंच्या शेजारी बसायचं असतं ना दर गुरुवारी. ही गोष्ट देवाला ठाऊक आहेच, तेव्हा वहीतही असू दे.

मग भाऊजी उभे राहिले. त्यांनी खिशातून ती तेलकट वही काढली, थुंकी लावून पान उलटलं.

खोलीतल्या सगळ्या माना त्या वहीकडे वळल्या. त्या खोलीतल्या कोणाचं दार, कोणाचं कपाट, कोणाचा ड्रॉवर भाऊजींनी उघडला नव्हता? डॉक्टरांच्या टेबलाचा खालचा खण, बायको माहेरी असताना. माईंच्या सुनेची पेटी, सून घरात नसताना. भाऊजी उघडतात आणि तोंड फिरवून उभे राहतात, आत काय आहे ते बघत नाहीत. पण हे भाऊजींना ठाऊक. इतरांना कसं ठाऊक असणार? चोराच्या मनात चांदणं.

“शनिवार, बारा तारीख,” भाऊजींनी वाचायला सुरुवात केली. ती नुसती त्या दिवसाची तारीख होती.

“मला वाटतं,” डॉक्टर एकदम म्हणाले, “विषय फार ताणण्यात अर्थ नाही. मुलगी संघात राहू दे. सगळ्यांबरोबर कपडे बदलू दे. कोणाची हरकत?”

कोणाची नव्हती. माईंचीसुद्धा नव्हती! वीस मिनिटांचं प्रवचन वीस सेकंदांत उलटं. आवडनिवड बघून कोणत्याही मुलाला वेगळं काढायचं नाही, असा ठराव झाला. मोठ्या बाई लिहून घेऊ लागल्या. खुर्च्या सरकल्या.

“बसा,” भाऊजी म्हणाले. “माझं वाचून व्हायचंय.”

“अहो चावीवाले, तुमच्या मनासारखं झालं की!”

“झालं. पण तुम्ही ऐकलं नाहीत अजून.”

न ऐकता दिलेलं त्यांना नको होतं. आपण भीती घातली आहे हेच मुळात त्यांच्या गावी नव्हतं. ते एकेक शब्द जुळवत वाचू लागले. “माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ती खोटं बोलत नाही. तिने तुमच्या मुलींचं काही वाईट केलेलं नाही. अडगळीच्या खोलीत ती आतून कुलूप लावून रडली. बाहेर मी उभा होतो. अशी आणखी मुलं या शाळेत असतील, त्यांचे आईबाप इथे बसलेले असतील.”

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. कंडक्टर उठले होते. “माझा मुलगा,” ते म्हणाले. आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या बायकोने पडलेली खुर्ची सरळ केली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. डॉक्टरांनी टेबलावरच्या पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता.

सामन्यात चिमणीचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. कपडे बदलायच्या खोलीतून आलेली एकमेव तक्रार तिच्या मोज्यांच्या वासाबद्दल होती, आणि ती रास्त आहे.

पण समितीतल्या तीन घरांनी आठवड्याच्या आत सगळी कुलपं बदलून घेतली, पलीकडच्या भागातल्या कोणा दुसऱ्याकडून. भाऊजींना मी सांगितलं तर म्हणाले, “बरं झालं, वहिनी. जुनीच होती.”

त्या तीन घरांत एक माईंचं होतं.

काल गुरुवार. मंडळ माईंकडे. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी माई हातपाय धुवायला न्हाणीघरात गेल्या त्या गेल्याच. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. मग आतून धपाधप दार वाजायला लागलं. नवीन कुलूप! नव्या माणसाने बसवलेलं, कोणालाही आत-बाहेर करायला न लावता. बायका बाहेरून धीर देत होत्या, एकीने आणखी एक प्रार्थना सुरू केली, आणि माई आतून ओरडल्या, “प्रार्थना पुरे! कोणाला तरी बोलवा!”

मी बोलावलं. दहा मिनिटांत पिशवी घेऊन भाऊजी आले आणि दाराशी बसले.

“कोण आहे?” आतून माईंनी विचारलं.

“चिमणीचा बाबा,” भाऊजी म्हणाले.

आतून बारीक आवाज आला, “बरं. उघडा.”

उघडलं. माई ओल्या पदराने बाहेर आल्या, कोणाकडे न बघता सरळ हॉलकडे निघाल्या. भाऊजींनी कुलूप सोडवलं, आतला दांडा घासला, तेल घातलं, पुन्हा बसवलं.

“माई,” त्यांनी हाक मारली. “आता आत जा. आतून लावा. उघडून दाखवा.”

“मी? परत आत?”

“नियम आहे.”

मंडळातल्या अकरा बायका बघत होत्या. माईंनी माझ्याकडे बघितलं. मी प्रार्थनेच्या वहीत डोकं घातलं, आणि तिथेच मला हसू फुटलं.

माई आत गेल्या. कुलूप लागलं. भाऊजी बाहेर उभे राहिले, हात बांधून, तोंड भिंतीकडे फिरवून, जसे नेहमी उभे राहतात.